रंगाखालचं जोडपं

कुस्को, पेरू

फादर एवारिस्तो,

तुमच्या चर्चमधल्या मारियामातेच्या चित्रावरची काजळी मी चार महिने काढत होते. कोपऱ्यात, कुणीतरी नंतर फासलेल्या रंगाखाली, हे चित्र करवून घेणारं, इथल्या मूळच्या केचुआ लोकांतलं जोडपं निघालं, हात जोडून बसलेलं. रोज मेणबत्ती लावायला येणाऱ्या बासिलिया आजी रडतच म्हणाल्या, "पोरी, ही तर आपली माणसं गं!"

आणि तुम्ही? "मातेच्या पायाशी ही डोंगरातली ध्यानं कशाला? रंग मारून टाक."

तीनशे वर्षांपूर्वीची माणसं तुम्हाला आजही खुपतात? माझी आईही केचुआच बोलते, फादर!

मी रंग मारला, पण पाण्याने निघणारा. म्हणूनच हे पत्र टपालात पडणार नाही. तुमची बदली होऊ दे, दुसऱ्याच दिवशी तो पुसायला मी हजर असेन.

तुमच्यावर संतापलेली,
निल्दा हुआमानी