सही बापाचीच लागते

विजदानताई,

तुझा फोन लागत नाही. रहफचं अपेंडिक्स सुजलंय, ऑपरेशन आजच करायचंय. मी सही करायला गेले तर हॉस्पिटलातला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही आई आहात हे कबूल, पण कायद्याने पालक बापच."

शेवटी निझारलाच फोन केला. इतके दिवस लपून राहिलो, आता त्याला आपण कुठे आहोत ते कळलं. सही करतो म्हणाला, पण बरी झाली की पोरीला त्याच्या घरी झरकाला नेणार. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिचं ओळखपत्र न्यायला घरी आले होते. मसुराचं सूप गॅसवर आहे, दोन घास खा आणि तडक हॉस्पिटलात ये. त्याच्यासमोर एकटीने उभं राहायची मला भीती वाटते.

बाबा येतायत असं रहफला सांगितलं. तेव्हापासून ती म्हणतेय, पोट दुखायचं थांबलं, बाबांना येऊ नका सांग.

इब्तिसाम