हंबीररावांच्या छपरावरून

कोल्हापूर,
२१ मे

तीर्थस्वरूप मार्था आत्तीस,

शांतवनचा आणि घरातल्या सगळ्यांचा प्रभूत सलाम. तुमचे गुडघे आता कसे आहेत? मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तुम्ही खरंच लावता, की बाटली देवळीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त माझी कंबर तेवढी धरली आहे. ती का धरली, तेच आता लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण शनिवारचा विषय काढला की तुमच्याकडची रेंज जाते, हे मी तीनदा पाहिलं. पत्राला रेंज लागत नाही.

आत्ती, एसटीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला मी माणूस. धक्के मला नवे नाहीत. पण शनिवारपासून मी जेवताना मध्येच घास हातात धरून बसतो, असं तुमची सून म्हणते. आमच्या चर्चच्या मदत मंडळाला तुम्हीच कळवलं होतं, की मलकापूरच्या पुढच्या वाडीत चिमणाबाई नावाची एकटी म्हातारी आहे, घरात पाणी येतं, पावसाआधी छप्पर करून दिलंत तर पुण्य लागेल. (पत्रात तुम्ही 'पाणी येतं' एवढंच लिहिलं होतं. कुठून येतं ते लिहिलं नव्हतं. हे मला आता कळतंय.) आम्ही कौलं गोळा केली, उमरभाईंचा टेंपो ठरवला आणि सकाळी सहा जण निघालो. उमरभाई मूळचे सुतार. ते आपल्या चर्चचे नसले तरी आपल्या प्रत्येक कामाला असतात, आणि खरं सांगायचं तर काम तेवढं तेच करतात. आम्ही बाकीचे गाणी म्हणतो.

वाडीत पोचलो तर शेजारी शेजारी दोन घरं. एकाच्या सोप्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. दुसऱ्याला कुलूप आणि छपराची अवस्था अशी, की बघून पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हातारीला विचारलं, "चिमणाबाईंचं घर हेच का?" तिने आधी मला, मग कौलांना नीट पाहून घेतलं आणि कुलपाच्या घराकडे बोट केलं. "व्हय, त्येच. चढा." चिमणाबाई बाहेर गेल्या असतील आणि ही शेजारीण असेल, असं आम्ही धरून चाललो. दुसरं काय धरणार? म्हातारीने शिडीसुद्धा स्वतः काढून दिली.

दुपारपर्यंत निम्मं छप्पर उतरवलं आणि एका टोकाला नव्या कौलांच्या दोन ओळीही बसवल्या. कौलं निघाली तसं आतलं दिसायला लागलं. ठिकठिकाणी पातेली, डबे, एक फुटकी बादली, सगळी गळतीखाली मांडलेली. भाताची पोती एका कोपऱ्यात, आणि खाट दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे वरून एकही डाग नव्हता तिथे बरोबर मावेल अशी. गाणी आपोआप बंद पडली.

तेवढ्यात खालून एक भारदस्त आवाज आला. "पावणं, माज्या घरावर काय करतायसा?"

पिशवी काखेत मारलेले एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. मी आढ्यावरून आदबीने सांगितलं, की आम्ही चर्चची माणसं, सेवा करायला आलोय. ते म्हणाले, "कुनाची?" मी म्हटलं, गरजूंची. "गरजू कोन?" मी खिशातला कागद काढून चिमणाबाईंचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी सोप्यावरच्या म्हातारीकडे मान वळवली. "ती बसलीय की चिमणी."

आत्ती, एवढं बोलून त्यांनी शिडी काढून घेतली. उमरभाई, मी आणि आमचे खजिनदार वर. (खजिनदारांना उंचीची भीती आहे, हे त्यांनी तेव्हा जाहीर केलं.) गृहस्थांचं नाव हंबीरराव. कागलला लेकीकडे चार दिवस राहायला गेले होते, ते दोन दिवसांतच परतले, आणि त्यामुळे चिमणाबाईंचा सगळा हिशेब चुकला. कारण बाईंचं स्वतःचं छप्पर धडधाकट होतं. हंबीररावांच्या छपराचं पाणी अकरा वर्षं त्यांच्या भिंतीत मुरत होतं, आणि अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद असल्यामुळे ते सांगणार कोण, हा प्रश्न होता.

ते बोलणं शनिवारी सुरू झालं. अकरा वर्षांचं साठलेलं. वरच्या तिघांना हलता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं. चिमणाबाई म्हणाल्या, "तुजी बायको गेली तवा मी भाकरी घिऊन आल्ते. दार उगडलं न्हाईस." हंबीरराव म्हणाले, "मला दयेची भाकरी नगं हुती." त्या म्हणाल्या, "दया कुनी केल्ती? पिठलं जास्त झाल्तं."

पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं होतं. उमरभाई शांतपणे म्हणाले, "भांडान चालू ठेवा, मामा. पन शिडी लावा. खाली पोती हायत."

हंबीररावांनी शिडी लावली आणि आम्हाला खाली न येऊ देता स्वतःच वर चढले. आम्ही बसवलेलं प्रत्येक कौल त्यांनी काढून पुन्हा बसवलं. (आमची रांग तिरकी होती म्हणे.) चिमणाबाई खालून कौलं देत होत्या आणि ते घेत होते. शेवटची ओळ लागली तशी सर आली. हंबीरराव उतरले ते स्वतःच्या घरात गेले नाहीत, चिमणाबाईंच्या घरात गेले. चुलीमागच्या भिंतीवर त्यांनी वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "लई वल हाय की गं." चिमणाबाईंनी पाट सरकवला आणि चहा ठेवला.

निघताना पाळकबाईंनी मदत मिळाल्याच्या कागदावर सही मागितली. हंबीरराव म्हणाले, "माजं नाव गरजूत घालायचं न्हाय." म्हणून आम्ही ते स्वयंसेवकांत घातलं. चिमणाबाईंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "मार्थाबाईस्नी सांगा, काम झालं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आत्ती. ऐंशी वर्षांच्या ख्रिस्ती बाईने सख्ख्या भाच्याला न सांगता परक्याच्या छपरावर चढवावं, हे मला अजून पचलेलं नाही.

तुमचा,
शांतवन

ता. क. हे पाळकसाहेबांना कळवू नये; पाळकबाईंनीही न सांगायचं कबूल केलं आहे. मंडळाच्या अहवालात मी 'दोन घरांना मदत' असं लिहिलं आहे, आणि ते खोटं नाही.

ता. क. दुसरं. धाकटा भाऊ प्रभाकर आणि मी चार वर्षं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी तुम्ही कोल्हापूरला यावं. तुम्ही आलात की त्यालाही आमचा जिना चढून वर यावंच लागेल. भांडण कशावरून झालं ते मला आता नीट आठवत नाही. त्याला आठवत असेल तर आधी विचारून मला कळवावं, म्हणजे उत्तर तयार ठेवतो. आणि मी बोलावलं, हे त्याला सांगू नये. अशी कामं तुम्हाला जमतात.