रिकामा फोन

२ जानेवारी, रिठद

माझ्याबरोबर परदेशात शिकणाऱ्या साक्षीचा फोन येऊन गेला. परत जाताना तिला तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी बाजूला घेतलं. फोन मागितला, तिच्याकडूनच उघडून घेतला आणि आत कुठंतरी घेऊन गेले! मी विचारलं, नाही म्हणायचा हक्क नाही का आपल्याला? "हाय ना," म्हणाली, "नाही म्हन, अन् पुढच्या इमानानं घरी ये."

आम्ही पडलो परक्या देशात व्हिसावर शिकणारे. माझ्या संशोधनाचं शेवटचं वर्ष. पुढच्या आठवड्यात मलाही त्याच दारातून जायचंय.

३ जानेवारी

बॅग उचकू द्या, माझी काही हरकत नाही. आईच्या ठेच्याचा वास खुशाल घ्या म्हणावं. पण फोनमध्ये अशफाक आहे. इथल्याच, जवळच्या मानोऱ्याचा मुलगा, आणि भेटला सातासमुद्रापार! सगळं बोलणं, भांडणं, फोटो. घरी कुणाला पत्ता नाही — नंबरसुद्धा 'अश्विनी' नावानं ठेवलाय. आणि ते कुणी परका माणूस बोटानं सरकवत सरकवत वाचणार? भीती वाटते, आणि किळसही.

फोनचं अंगठ्याचं कुलूप काढलं. जबरदस्तीनं बोट टेकवून घेतलं तर? आकडा घातला, १४०४. तिकडं कुणाला शंभर वर्षांत सुचायचा नाही!

५ जानेवारी

आणि बाबांचे मेसेज! नोव्हेंबरपासून एकच धोशा — "तू फक्त हो म्हन, मे महिन्यात बार उडवून टाकू." म्हणजे माझ्या लग्नाचा. आज सहज मशीनकडून इंग्रजी करून बघितलं, तर आलं — मे महिन्यात स्फोट घडवू. मला घामच फुटला.

जेवताना बाबांना म्हटलं, असलं काही लिहू नका. ते चिडले. "काहून? पोरीच्या लग्नाचं बोलाची बी चोरी झाली काय?" नरेंद्र तर घास अडकेपर्यंत हसला. भावाला हसायला काय जातंय.

७ जानेवारी

अशफाकचं काही खोडवत नाही. दोनदा बोट नेलं, मागं घेतलं. शिवाय साक्षी म्हणते, खोडलेलंही त्यांचं मशीन बाहेर काढतं. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

शेवटी ठरवलं — माझा फोन इथंच, आईच्या कपाटात लुगड्यांखाली. बरोबर आईचा जुना, तिच्याच जुन्या नंबरचा, सगळं पुसून रिकामा केलेला. आईला सांगितलं, माझा बिघडलाय. किती दिवसांनी जरा श्वास घेतला.

८ जानेवारी

जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीत बसले. बाबांनी खिडकीतून हात आत घालून डोक्यावर ठेवला. रडू आवरेना.

अशफाकला फोन बदलल्याचं सांगायचं राहिलंच. पोचल्यावर सांगेन.

१० जानेवारी

घेतलंच बाजूला.

मागितला तसा फोन उघडून दिला. अधिकारी तरुण, दाढीवाला, चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. यात काहीच कसं नाही, म्हणाला. रिकामा फोन म्हणजेच संशय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. बाबा. "पोचली काय? नीट राह्य. मे महिन्यात बार उडवून टाकू."

त्यानं ते मशीनला विचारलं. वाचलं. माझ्याकडं बघितलं. मे महिन्यात काय उडवणार आहात?

संपलं सगळं, असंच वाटलं. मग जी बोलत सुटले — लग्न हो, माझं लग्न, आमच्याकडं लग्न उरकायचं म्हटलं की असंच म्हणतात. त्यानं मराठी येणाऱ्या कुणाला तरी फोन लावून खात्री केली. परत येऊन विचारतो, मुलगा कोण? आणि मी अशफाकचं नाव सांगितलं. घरी आईलाही जे कधी सांगता आलं नाही, ते त्या दाढीवाल्याला!

त्यानं शिक्का मारला. अभिनंदन म्हणाला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि किती तरी वेळ उठवेना.

११ जानेवारी

बाबांचा मेसेज.

"कपाटात तुया फोनवर अश्विनीचा कॉल सारखा वाजून राह्यला होता. तुले काही झालं काय म्हनून उघडला. चौदा एप्रिल आमाले बी पाठ हाय. अशफाक कोन व्हय?"

त्याच्याखाली त्यांनी आणखी काहीतरी लिहून खोडलंय.