सातवा की आठवा

१४ डिसेंबर १९४३
कमलला पहाटे मुलगा झाला. दिवस भरायला सात आठवडे बाकी होते. वजन साडेतीन पौंड. रडला, पण दाराबाहेर ऐकू आला नाही. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात काचेची पेटी कुठली? पिंजाऱ्याकडून ताजा पिंजलेला कापूस आणवला. बाळ कापसात, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या. दर दोन तासांनी बदलायच्या. वेळापत्रक मी भिंतीला लावलं. जावयांना हैदराबादला तार केली. शाळेत रजेचा अर्ज.

१५ डिसें.
विहीणबाई गोरेगावहून बैलगाडीने आल्या. डॉक्टरीणबाईंनी कितवा महिना विचारताच पुढे होऊन म्हणाल्या, "सातवा." मी दुरुस्त केलं. आठवा. शेवटच्या पाळीची तारीख या वहीत लिहिलेली आहे.
ओसरीवर त्यांनी मला धरलं. "इनबाई, काहून बोलल्या तसं? सातव्याचं लेकरू जगतं. आठव्याचं न्हाई जगत."
मी म्हटलं, अडाणीपणा पुरे.
दार उघडं होतं. क.ने सगळं ऐकलं.

१६ डिसें.
बाळ पिवळं दिसतंय. दोनदा श्वास थांबला. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू होतो. चोखायची ताकद नाही. आईचं दूध काढून थेंब थेंब घाला, त्याशिवाय निभाव नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
क. भिंतीकडे तोंड करून. "कशाला काढायचं?"
समजावलं. पोटात जितकं जास्त राहिलं तितकं चांगलं, आठवा सातव्यापेक्षा बराच. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं.
"आई, माझ्या आधीच्या दादाचा कितवा होता?"
मी बाटल्या बदलायला घेतल्या. तिला ठाऊक आहे. आठवा. नऊ दिवस जगला.

१७ डिसें.
क.चं दूध नाही. वाटी लावू देत नाही. गाईचं दूध पाणी घालून दिलं, उलटून पडलं. बाळाची बोटं गार. रागावले, तेही व्यर्थ. शाळेत माझ्या एका शब्दावर दोनशे मुली उभ्या राहतात.
रहीमनबी आया बाटल्या बदलताना म्हणाली, "बाईसाब, तुमी बराबर बोलल्या, खरं बोलल्या. पन तुमचं खरं लेकराच्या तोंडात न्हाई ना पडून राहिलं."
तिला म्हटलं, तू आपलं काम बघ. ती गेल्यावर बाटलीला बूच बसेना.

१८ डिसें.
सकाळी ओसरीवर बसून पाळीच्या तारखेचं जुनं पान काढलं. एप्रिल खोडून मे केला. आयुष्यात हजेरीपटावरही कधी असं केलं नव्हतं. आत गेले. क.ला म्हटलं, मोजण्यात माझी चूक झाली, एक महिना जादा धरला. सातवाच आहे. वही पुढे केली.
ती पानाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.
"शाई ओली आहे, आई."
टिपकागद शाळेत राहिला होता. माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे, पण तिने हात लांब केला.
"वाटी दे."
अर्धा चमचा निघालं. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दिलं. पोटात राहिलं.
विहीणबाई आयेला सांगत होत्या, "व्हय, सातवाच! मास्तरीणबाई चुकल्या, लिहून ठेव." सांगू दे.

२० डिसें.
दूध एका वेळी एक चमचा. बोटांना ऊब आहे. पिवळेपणा मात्र मांड्यांपर्यंत उतरला. डॉक्टरीणबाई पापणी वर करून बघतात आणि काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही. पूर्वी विचारलं असतं.

२२ डिसें.
आज नववा दिवस. कुणाजवळ बोलले नाही. क.ही नाही, पण रोज उठल्याबरोबर तारीख विचारते, ती आज विचारली नाही.
सकाळी श्वास थांबला. पहिल्या टिचकीने आला नाही, दुसऱ्याने नाही. तिसरी क.ने मारली. आला.
विहीणबाई म्हणतात, बारशाला गोरेगावहून पाळणा आणू का? "आणा," म्हटलं. तोंडून निघून गेलं.
त्यानंतर दीड चमचा दूध. पोटात आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी.
दहाच्या बाटल्या भरायच्या आहेत.