पहिली क्लायंट

३ फेब्रुवारी, सोमवार
नळ साडेपाचला आला. म्हणून डबे उशिरा, म्हणून सहाच्या लेडीज बॅचला मी उशिरा. जिममालकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते जास्त लागतं.

मशीन पुसायची मी, रजिस्टर माझ्याकडे, चौदा बायकांना स्क्वॅट शिकवायचे मी. पगार रिसेप्शनचा. परवा विचारलं तर म्हणाले, ट्रेनरचं सर्टिफिकेट आण, मग बोलू. आणते. जूनच्या आत आणते.

दुपारी दोन ते चार जिम रिकामी असते. तेवढाच माझा वेळ. पुस्तक इंग्रजी, शब्द मोबाईलवर शोधत बसायचं. आज खांद्याचे स्नायू. चार नावं पाठ झाली, घरी जाईपर्यंत दोन उरतील. दहा वर्षं कबड्डी खेळले, हे खांदे जिल्हाभर मिरवले, तेव्हा त्यांना नावं आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

९ फेब्रु., रविवार
क्लास चंद्रपूरला. लेकीला, मिठूला, सासूबाईंकडे सोडून स्कूटीवर. सासूबाई: "रविवारी बी घरी बसवत नाई हिले." मिठूला सांगत होत्या, म्हणजे मला.

सरांनी प्रॅक्टिकल समजावलं. प्रत्येकाने एक क्लायंट घ्यायचा, आठ आठवडे. आधी तब्येतीचा फॉर्म, मग दर आठवड्याची नोंद, शेवटी चाचणी आणि फाईलवर क्लायंटची सही. तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न.

जिममधल्या बायकांपैकी आठ आठवडे सलग कोण येणार. एकीकडे लग्न, एकीकडे बारसं, एकीला मध्येच माहेरची आठवण.

१० फेब्रु.
क्लायंट मिळाली. घरातलीच. पल्लवी, माझी नणंद. तेवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहे, आठशे मीटरला तिला तीन मिनिटं पंचवीस सेकंद लागतात. लेखीत हुशार, मैदानात मार खाते. मी म्हटलं तुझे पंचवीस सेकंद मी काढते. तिने ताटावरून उठून मिठी मारली, खरकट्या हाताने.

११ फेब्रु.
फॉर्म भरला. स्वयंपाकघरात, पल्लवी शेजारी, सासूबाई दारात तांदूळ निवडत. बीपी नाही, दमा नाही, ऑपरेशन नाही. पुढे: रक्ताचा काही आनुवंशिक आजार?

पल्लवी म्हणाली, "मले काय होते वहिनी, लिही नाई."

सासूबाईंचा हात सुपात थांबला. माझ्याकडे बघत राहिल्या. मी 'नाही' असं लिहिलं.

इथे तरी खरं लिहू. पल्लवीचं सिकलसेलचं पिवळं कार्ड आहे. आठवीत शाळेत तपासणी झाली होती. पिवळं म्हणजे वाहक, आमच्याकडे हाफ म्हणतात. लाल कार्डवाल्यांसारखं दुखणं नाही, काही नाही. पण लग्नाच्या वेळी पुढचा पण हाफ निघाला तर मूल लाल कार्डाचं होऊ शकतं, पंचाईत, म्हणून मुलीचं कार्ड कोणी दाखवत नाही. पल्लवीला तर सांगितलंच नाही. सासूबाई रिपोर्ट चांगला आला म्हणाल्या आणि कार्ड पेटीत. माझं लग्न ठरताना याच बाईंनी माझा रिपोर्ट मागवून घेतला होता, विहारातल्या चार माणसांसमोर वाचून घेतला होता. माझा पांढरा निघाला तेव्हा पेढे वाटले. पेटीतलं कार्ड मला लग्नानंतर महिन्याने दिसलं, पांघरुणं उन्हात घालताना.

हाफला काही होत नाही. सगळेच म्हणतात.

२३ फेब्रु., रवि.
आठवडा दुसरा. प. – ३:१८. गुडघे आत येतात, सुधारते आहे. सरांनी नोंदवही पाहिली, वर्गाला दाखवली. म्हणाले, हे बघा, असं लिहायचं असतं. घरी येऊन प्रमोदला सांगितलं. नवरा मोबाईलमधून वर न बघता म्हणाला, छान, आमच्या पेपर मिलच्या गेटवर लावू. विनोद होता म्हणे.

५ मार्च
सकाळी पाचला प. आणि मी मैदानावर, सहाला जिम, दहाला घर, मिठूची शाळा, दोन ते चार पुस्तक, पाचला परत बॅच. अंग दुखतं. ट्रेनर होऊ घातलेल्या बाईला स्वतःला व्यायामाला वेळ नाही. एक बाई आज म्हणाली मॅडम तुमचं पोट थोडं दिसतं बरं का. दिसणारच. तिथे सिझर झालंय, पाटी लावू का.

प. – ३:०९.

१६ मार्च, रवि.
मुलचेऱ्याहून स्थळ आलं. मुलगा शिक्षक, जि.प. शाळा. फोटो बरा आहे. नोकरी लागली तरी करू देऊ म्हणतात. प. लाजली नाही, म्हणाली आधी भरतीचं मैदान, मग मुलगा. सासूबाई तेव्हापासून हवेत. दोनदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ते कार्डाचं तेवढं. हो म्हटलं. कितीदा हो म्हणायचं.

२३ मार्च
प. – ३:०२. तीनच्या आत आली की माझी फाईल वर्गात सगळ्यांत भारी. सर म्हणाले पोरगी थांबायला बघेल, थांबू द्यायचं नाही, थकवा आधी डोक्यात येतो. लिहून घेतलं, खाली दोन रेघा.

३० मार्च, रविवार
(हे १ तारखेला लिहिते आहे.)

नळाला पाणी नाही. टँकरच्या रांगेत दोघी. मग पाहुण्यांसाठी घर आवरणं, मुलचेऱ्याचे लोक बाराला येणार होते. मैदानावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, ऊन चांगलंच तापलेलं. प. म्हणाली आज राहू दे का. मी म्हटलं आज सातव्या आठवड्याची नोंद आहे. तिने सकाळपासून एक कप चहा घेतला होता. पाण्याची बाटली रांगेच्या गडबडीत घरीच राहिली होती.

पहिली चक्कर झकास. दुसऱ्या चकरेच्या मध्यावर तिचे पाय विचित्र पडायला लागले. ओरडून म्हणाली, "वहिनी, पाय दगड झाले."

मी म्हटलं, डोक्याचा खेळ आहे, थांबायचं नाही, ओढ. मी म्हटलं. दोनदा. हातातल्या घड्याळाकडे बघून.

ती रेषा ओलांडून पडली. ठेच लागून पडतो तशी नाही, पायच गेले. शुद्धीत होती, बोलत होती, पण मांड्या हलेनात. दोन्ही हातांनी मांड्या धरून रडत होती. रिक्षाने इथल्या दवाखान्यात, तिथून चंद्रपूर. लघवी चहासारखी काळी.

घड्याळ मी बंद केलं होतं. २:५८.

२ एप्रिल
सलाईन चालू. डॉक्टर म्हणाले किडनीवर आलं होतं, वेळेत आणलं म्हणून. प्रमोदला आणि मला बाहेर बोलावलं. रक्त तपासलंय, सिकलसेल वाहक आहे, घरी माहीत होतं का? प्र. म्हणाला नाही, आत्ताच कळलं. इतक्या सहज म्हणाला की मलाच क्षणभर खरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, वाहक माणूस सगळं करू शकतो, पळू पण शकतो, फक्त हळूहळू वाढवायचं, पाणी द्यायचं, आणि पाय जड झाले म्हणाला की त्या सेकंदाला थांबवायचं. तिला नीट समजावून सांगा. प्र. म्हणाला हो हो.

बाहेर आल्यावर कागद स्वतःच्या बॅगेत घातले. मला म्हणाला, "उन्हानं झालं म्हनायचं. बास."

३ एप्रिल
पुस्तक उघडलं. विशेष क्लायंट, असं एक प्रकरण आहे. सर म्हणाले होते परीक्षेला येत नाही, म्हणून मी सोडलं होतं. त्यात सहा ओळी. डॉक्टर जे बोलले तेच, शब्दाला शब्द. फेब्रुवारीपासून माझ्या पिशवीत होतं हे. रोज उचलून नेत होते.

६ एप्रिल, रवि.
प.ला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. घरी आणलं. सासूबाईंनी ओवाळलं. मुलचेऱ्याला फोन करून सांगितलं, ऊन लागलं, पोरगी नाजूक आहे. ते म्हणाले १३ ला येतो बघायला.

सरांना जाऊन भेटले. अपघाताचा अहवाल द्यावाच लागेल म्हणाले. मी सगळं सांगितलं, कार्डासकट. सरांनी पेन बंद केलं. मग म्हणाले, मॅडम, हे असं लिहिलं तर अडकणार तुम्हीच. माहीत असून पळवलं, असा अर्थ होतो. तुम्ही लिहा, क्लायंट उपाशी आली होती आणि तिने सांगितलं नाही. अर्धं खरंच आहे ना.

अर्धं. हाफला काही होत नाही.

घरी त्यांचं वेगळंच. सासूबाई: लिही काहीबी, तेवढं सोडून. प्र.: परीक्षा पुढच्या वर्षी पण होते, बहिणीचं लग्न रोज रोज नाही ठरत. सगळ्यांना सोयीचं एकच आहे, दोष पोरीवर ढकलायचा. आणि मलाही सोयीचं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे.

८ एप्रिल
प. आज भिंत धरून अंगणात चालली. मला म्हणाली, "वहिनी, माह्यातच दम नाई. तू तं किती मेहनत घेतली. तुह्या फाईलचं वाटोळं केलं म्या."

मिठूची वेणी घालत होते. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि सासूबाई दारातच होत्या. राग कोणाचा येतो तेच कळत नाही. म्हातारीचा येतो, प्र.चा येतो, त्या सरांचा येतो. सगळ्यांचा येऊन झाला की शेवटी रांगेत मीच उभी.

१० एप्रिल, गुरु.
प. म्हणते जूनमधल्या भरतीला उतरणारच. दम नाही तर दम आणते. कुणाला न सांगता चोरून पळेन. हसत म्हणाली, पण मी ओळखते तिला.

म्हणजे कळल्याशिवाय पळाली तर मैदानात मरेल. आणि तेव्हा बाजूला घड्याळ घेऊन कोणीतरी दुसरी असेल, ओढ म्हणणारी.

११ एप्रिल, शुक्र.
सांगितलं.

सकाळी मैदानापर्यंत चालायला नेलं. बाकावर बसवून सगळं सांगितलं. कार्ड, आठवी, पेटी, डॉक्टर काय म्हणाले, कसं पळायचं, कधी थांबायचं. तुझ्यात दम आहे, २:५८ आलं होतं तुझं, तेही त्या अवस्थेत. ते शेवटचं सांगायला नको होतं, चढवल्यासारखं झालं.

तिने डॉक्टरांबद्दल काही विचारलं नाही. लग्नाबद्दल नाही. म्हणाली, "तुले कधीपासून माहीत होतं?"

सहा वर्षं, म्हटलं.

"फॉर्म भरला तवा बी?"

हो.

समोर पोरं गोळाफेक करत होती, तिने तिकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तुहा तं चांगला आला होता ना रिपोर्ट. मंग तुले काय."

मी म्हटलं तसं नाही गं. ती उठून घराकडे निघाली, हळूहळू, मध्ये मध्ये थांबत. मी बाटली घेऊन मागे. घेतली नाही. घरी जाऊन स्वतः माठातलं प्यायली.

१२ एप्रिल, शनि.
पेटी उघडी. कार्ड पल्लवीच्या पर्समध्ये आहे, तिने लपवलंही नाही. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, भांडी बोलतात. प्र. म्हणाला घर फोडलंस. मी म्हटलं बरं.

फाईल मंगळवारी द्यायची आहे. अहवाल खरा लिहून ठेवला, दीड पान, माझ्या चुकीसकट. नाव तिचं, रक्त तिचं, म्हणून ती वाचून हो म्हणेल तरच देणार. खाली क्लायंटची सही लागते. काल संध्याकाळी कागद तिच्या उशाशी ठेवला. आज सकाळी तिथेच होता, वाचलेला दिसतो, घडी वेगळी पडली आहे. सही नाही. मागायचं तोंड नाही मला.

सासूबाईंनी विचारलं, उद्या त्यांना येऊ नका म्हणून कळवू का? पल्लवी म्हणाली, "येऊ द्या." तेवढंच. पर्स मांडीवर होती.

मुलचेऱ्याची सहा माणसं आहेत. सकाळी दहाला येतील. पोहे मलाच करायचे आहेत.