घरटी एक माणूस

८ सप्टेंबर, सोमवार
अखेर नोकरी लागली! तासिका तत्त्वावर का होईना, पण पोरं मला ‘मॅडम’ म्हणतात. तृतीय वर्ष बी.ए.ला अद्भुतरम्य साहित्याचा पेपर, विद्यार्थी अकरा. कराडच्या मैत्रिणींना वाटतंय, मी नागावच्या किनाऱ्यावर नारळपाणी पीत शिकवणार. प्रत्यक्षात मी खारेपाटातल्या, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात आहे. मागच्या दारी भातशेती, शेताच्या टोकाला मातीचा लांबलचक बांध आणि पलीकडे खाडी. भरतीला पाणी शेतापेक्षा उंच असतं म्हणे. मी भाड्याने घेतलेलं हे घर बारा वर्षं बंद होतं. मालक विपुल पनवेलला ट्रकच्या धंद्यात आहे. शेजारच्या सगुणाकाकींनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून दिलं. त्यांची मुलगी प्राप्ती माझ्याच वर्गात आहे. मी जाम खूश आहे.

१० सप्टेंबर, बुधवार
अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प दिला: सगळ्या वर्गाने मिळून एक काल्पनिक जग उभं करायचं. मला वाटलं, उडते घोडे येतील, राक्षस येतील. पोरांनी काय आणलं, तर बांध! प्राप्ती एरवी तोंड उघडत नाही, पण नियम तिनेच मांडला. त्या जगात बांध जिवंत आहे. वर्षातून एकदा, भाद्रपदातल्या अमावस्येच्या भर दुपारच्या उधाणाला, तो एका घरातलं माणूस मागतो. पाळीपाळीने, घरटी एक. ते माणूस मातीत मिसळतं आणि वर्षभर बांध टिकतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि मास्तरीण म्हणून आनंदही झाला. मी बजावलं, जादू म्हणजे नियम, आणि नियमात पळवाट ठेवणारा लेखक लबाड.

१३ सप्टेंबर, शनिवार
आज प्राप्तीने शंका काढली. ज्या घराची पाळी, ते घर गाव सोडून गेलं तर? मागच्या बाकावरचा निकेत म्हणाला, तर पाळी शेजारच्या घरावर जाते. प्राप्तीने पुन्हा विचारलं, मंग त्या रिकाम्या घरात भाडेकरू आला, तर तो धरायचा का न्हाय? मी टेबलावर हात आपटून निकाल दिला: ज्या छपराखाली झोपतो, त्या घराचाच माणूस. मी असते तर मीसुद्धा! मग अकराच्या अकरा जणांनी ते वाक्य उतरवून घेतलं. निकेत आजवर वहीसुद्धा आणत नव्हता, त्याने पेन मागून घेतलं. मी जरा भावच खाल्ला.

१५ सप्टेंबर, सोमवार
सगुणाकाकींनी माझी ओटी भरली. कारण विचारलं तर म्हणाल्या, पोर आता घरची झाली. माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, सगळं विचारून घेतलं. त्यांचा मुलगा केतन दारात उभा होता, असेल वीस-एकवीसचा. माझ्याकडे बघेना. जाताना काकींनी माझे पाय धरले आणि ढसाढसा रडल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं.

१७ सप्टेंबर, बुधवार
सकाळी बांधावर फिरायला गेले. एके ठिकाणी मातीत बोटं उमटलेली दिसली. बाहेरून दाबल्यावर खड्डा पडतो, तसं नाही — आतून ढकलल्यासारखी वर आलेली.
केतन माझ्या मागून आला होता. त्याला राहवलं नाही, त्याने सगळं सांगून टाकलं. वर्गातलं जग कल्पनेतलं नाही. बारा वर्षांपूर्वी विपुलच्या घराची पाळी आली आणि ते पनवेलला निघून गेले. त्यांच्याऐवजी शेजारचा माणूस गेला. केतनचे वडील. यंदा पाळी फिरून परत याच घरावर आली आहे. घर रिकामं राहिलं तर केतन. भाडेकरूने आपल्या तोंडाने कबूल केलं तरच बांध त्याला धरतो.
आणि मी कबूल केलं. अकरा जणांसमोर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
काल पळाले. अलिबागला लॉजवर झोपले. सकाळी पांघरुणात, पावलांना, खाडीचा राखाडी चिखल. ओला. धुतला — परत आला. पाय उचलत नाहीत. विपुलला फोन केला. तो म्हणाला, आमी कवाच कायपन बोललो न्हवतो, म्हनून सुटलो. आणि ठेवून दिला.
मला मरायचं नाही. मी आत्ता कुठे —

२० सप्टेंबर, शनिवार
पाय ओढत वर्गात गेले. सांगितलं, नियम चुकला, भाडेकरू धरायचा नाही. कुणीही पेन उचललं नाही. प्राप्ती रडत म्हणाली, मंग कोन, मॅडम? नाव तुमीच सांगा.
मी सांगितलं. केतन.
दहा जणांनी लिहून घेतलं.
पाय तिथल्या तिथे कोरडे झाले. इतकं हलकं वाटलं — लिहायलाही लाज वाटते.

२१ सप्टेंबर, रविवार, अमावस्या
पावणेबारा. बॅग भरलेली आहे. मागच्या दारातून दिसतंय — केतन शेतातून बांधाकडे चालला आहे. चिखल त्याच्या गुडघ्यांवर चढला आहे. प्राप्ती शर्ट धरून त्याला मागे ओढते आहे. काकी माझ्या पायरीवर नुसत्या बसल्या आहेत.
माझ्या जिवासाठी मी दुसऱ्याचं पोर —
ओरडले. नियम पहिलाच खरा, म्हणून ओरडले. वारा आहे, आवाज पोचत नाही. पाणी बांधाच्या कडेला लागलं — तो थांबत नाही —
लिहिलेलं चालतं. काल पोरांनी लिहिलेलं चाललं. लिहिते.
या छपराखाली मी झोपते. या घरातलं माणूस मी. पाय ओले झाले — होय, मीच — कंबरेपर्यंत — केतनला सो