दानियेलचं रडणं

२ मार्च १९७४, शनि. इस्लामपूर.
उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणून आज तयारीची सभा. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्यानं उभं राहून क्षमा मागायची. समोरच्यानं "केली" म्हणायचं. आमचे धाकटे बंधू दानियेल, साखर कारखान्यात काट्यावर कारकून आणि मंडळीचे वडील म्हणजे पंच, दर महिन्याप्रमाणे उठले, दर महिन्याप्रमाणे रडले. "माझ्याकडून चुकलं." काय, ते कधीच सांगत नाही. बायकोच्या गालावर ते दिसतच होतं. सुशी उठली, "केली" म्हणाली, बसली. पाळकांचे डोळे भरून आले. माझे नाही.

३ मार्च, रवि.
त्याच हातांनी दा. भाकरीचं ताट बाकाबाकांतून फिरवत होता. चेहरा नुकतीच अंघोळ केल्यासारखा ताजा. मला चीड आली ती याची. पूर्वी मारल्यावर दोन दिवस जेवायचा नाही. आता सभेत रडला की जेवायला मोकळा. पाप करून माणूस निर्ढावतो हे माहीत होतं. पश्चात्ताप करकरूनही निर्ढावतो, हे आमच्या घरात पाहिलं.

१९ मार्च, मंगळ. सांगली.
दुपारच्या एस.टी.नं सुशी माझ्याकडे आली. हातात एक पिशवी.
"डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, वन्सं."
भाजीत मीठ जास्त झालं होतं. ईस्टरआधीचे लेंटचे दिवस, घरात उपास, प्रार्थना, आणि हे. डॉक्टर म्हणाले, या कानाची आशा सोडा. तिला मीच सांगितलं, उजव्या बाजूला बसून. म्हणाली, "बरं."

२४ मार्च, रवि.
इस्लामपूरहून पाळक आले. चहा घेतला.
"बाई, क्षमेला मोजमाप नसतं."
"माराला तरी असू द्या."
ईस्टरला मंडळीच्या वडिलांची बायको नणंदेकडे, बरं दिसत नाही म्हणे. दिसण्याचीच काळजी.
कॉन्व्हेंटमध्ये मी एकीचा फ्रॉक फाडला होता. सॉरी म्हणून रडायला लागले तर सिस्टरनी हातात सुई दिली. आधी शीव, मग रड. शिवून होईपर्यंत रडू आटलं होतं. या मंडळीत कुणी कुणाला कधी सुई दिली नाही.

३१ मार्च, रवि.
दा. आला. सुशीला आतच थांब म्हटलं. खुर्चीवर बसताक्षणी डोळे पाझरायला लागले.
"आक्का, लय वाईट वाटतंय गं."
"काय केलंस ते सांग."
"चुकलं."
"काय केलंस?"
डोळे एकदम कोरडे, नळ बंद केल्यासारखे. "चार बुकं विंग्रजी शिकलीस म्हणून लय शहाणी झालीस. तूच फितवलीस तिला."
हा खरा दानियेल. त्याला दार दाखवलं.

७ एप्रिल, झावळ्यांचा रवि. इस्लामपूर.
सुशीनं हट्ट धरला, प्रभुभोजन चुकवायचं नाही. म्हणून सकाळीच आलो. कालच्या सभेत दा. उठलाच नाही, असं बायका सांगत होत्या. आज ताट दुसऱ्यानं फिरवलं. दा. शेवटच्या बाकावर. ताट आलं, त्यानं भाकर न घेता शेजाऱ्याकडे सरकवलं. आमच्यात असं कुणी करत नाही. सगळ्या माना वळल्या. पाळक वाकून काही कुजबुजले. तो बोलला ते बायकांच्या बाजूलाही ऐकू आलं.
"मी सुशीला मारतो. माझ्या मारानं कान गेला तिचा. मला नको."
रडला नाही.
परतीच्या एस.टी.त सुशी म्हणाली, "वन्सं, खरं असंल का?"
मी म्हटलं, बायबलातल्या फारो राजानंही देवानं धाडलेल्या दर पीडेला गुलाम लोकांना सोडतो म्हटलं होतं. पीडेतले बेडूक मेले, की पुन्हा नाही.


१४ एप्रिल, ईस्टर. सांगली.
उपासनेहून आलो तर समोरच्या कडुलिंबाखाली दा. उभा. हाक नाही, कडी वाजवली नाही. ऊन मी म्हणतंय. मेल्याला ताकाचा पेला न्यायची माझी इच्छा नाही.
सुशी तांदूळ निवडायला बसली.
मी म्हटलं, "आत बोलावायचं नाही. उभा राहू दे महिना, वर्ष."
तिनं पाट उचलला, फिरवून ठेवला, पुन्हा बसली. आता तिचा उजवा कान दाराकडे, डावा माझ्याकडे.
मी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. ती तांदूळ निवडत होती.